रिकामी कांडी

१० नोव्हेंबर

आजपासून लिहायचं ठरवलं. तोंडानं बोललं की माझं भांडण होतं, म्हणून.

कालचंच घे. मानकोलीच्या गोडाऊनमध्ये फोर्कलिफ्टवाला पाठीमागून आला आणि माझी पिंडरी घासून गेला. मी त्याची कॉलर धरली. म्हटलं, हॉर्न द्यायला हात झिजतात का तुझे? तर म्हणतो, "अबे, पूरा रास्ता बजाते आया, सो रहा था क्या?" तिथे होते ते सगळे त्याच्याच बाजूनं बोलले. साले सगळे मिळालेले. सुपरवायझरनं मला आठवडाभर घरी बसवलं, वर ज्ञान दिलं की नागसेन, डोकं थंड ठेव. डोकं थंडच आहे. पाय सुजलाय.

घरी आलो तर पप्पा टीव्हीसमोर. आमचं घर कारखान्याच्या माळ्यावर, खाली कापड विणायचे लूम. पप्पांनी आख्खी जवानी त्या लूमवर काढली आणि कान तिथेच ठेवून वर आले. शेजारचे रोज ओरडतात की सोमादादा, टीव्ही बारीक करा. मला तर ठीक वाटतो. लोकांना तक्रारीला कारण लागतं.

आणि एक. पप्पा मला हाक मारत नाहीत. कांडी फेकून मारतात. आडव्या धाग्याची लाकडी कांडी, धागा संपला की रिकामी. कारखान्यात इतका खडखडाट असतो की कुणाला बोलवायचं तर त्याच्या पाठीवर रिकामी कांडी फेकतात. तिथे ठीक आहे. घरात कशाला? मी काय लूमवरचा नोकर आहे? आज मानेवर बसली. म्हटलं, "हाक मारायला तोंड नाही का?" पप्पांनी कांडी उचलून परत जवळ ठेवली. बहिऱ्याला काय सांगणार.

१३ नोव्हेंबर

आज काहीतरी झालं.

धामणकर नाक्याजवळ विद्यापीठाचं उपकेंद्र आहे, बँकेच्या वर. मी चार वेळा खालून गेलो असेन, कधी मान वर केली नाही. विद्यापीठाशी माझं जुनं वाकडं आहे. पण त्यांची माणसं आज आमच्याच गल्लीत आली. लूमवाल्यांचे कान तपासायचे म्हणून टेबल मांडून बसली, आणि कुणी फिरकेना. कामगाराला वाटतं, कान खराब निघाला तर सेठ काढून टाकेल. एक मुलगी कारखान्याच्या दारात उभी राहून "भाईसाब, दो मिनिट" करत होती. लूम चालू असताना! मला हसू आलं.

मी दारातूनच हातानं खुणा केल्या. दोन बोटं पिळली की धागा तुटला. मूठ उघडी केली की शिफ्ट सुटली. अंगठा तोंडाकडे म्हणजे चहा. इद्रिसचाचांना खूण केली, चहा आहे, फुकट आहे, बाहेर या. चाचा आले, मग सगळे आले.

मुलीनं विचारलं, "हे काय केलंत तुम्ही?"

म्हटलं, "बोलावलं."

"शिकवाल मला?"

तिचं नाव स्नेहल. कल्याणची. कानाच्या तपासण्यांचं शिकलेली, केंद्रात संशोधन सहायक. माझ्याशी बोलताना तिनं हातातला पेन खाली ठेवला.

१७ नोव्हेंबर

गोडाऊनला गेलोच नाही. केंद्रात लागलो. काम एकच, कामगारांना घेऊन यायचं आणि ते पळणार नाहीत हे बघायचं.

उपकेंद्र म्हणजे काय तर दोन मोठ्या खोल्या आणि दारावर पाट्याच पाट्या. एकाच दारावर "व्यवसाय आरोग्य संशोधन केंद्र", त्याखाली "बोली अभ्यास केंद्र", त्याखाली "भूजल व उष्ण झरे अध्ययन केंद्र". झरेवाल्यांनी अकलोलीच्या कुंडातल्या पाण्याच्या बाटल्या भरून ठेवल्यात, त्या आमच्या रजिस्टरांच्या कपाटात. बोलीवाले बुधवारी येतात. शैलेश सर तिन्ही केंद्रांचे समन्वयक. इतक्या घाईत असतात की चालता चालता बोलतात, पाठ करून. काय सांगितलं ते निम्मं कळत नाही. मोठ्या माणसांची सवयच ती.

आतल्या खोलीत चाचणीची पेटी आहे. माणूस बसेल एवढी, जाड दार, आत सगळीकडे फोम, काचेची छोटी खिडकी. कामगार तिला तिजोरी म्हणतात. हेडफोन लावून आत बसायचं, काचेपलीकडे स्नेहल मशीनवर बारीक आवाज सोडते, ऐकू आला की हातातलं बटण दाबायचं. दार लागलं की सगळ्यांची फाटते. इद्रिसचाचा तर उठून उभेच राहिले, म्हणाले, "या अल्ला, लूम बंद हो गया क्या सारे शहर का?" म्हणून स्नेहलनं खुर्ची खिडकीकडे तोंड करून ठेवलीय, माणसाला बाहेरचं दिसलं की धीर येतो. खरं तर तसं चालत नाही म्हणे. पण नाहीतर कुणी बसतच नाही.

मी पण दार लावून बसून बघितलं. लोक म्हणतात आत आवाज बंद होतो. माझा काही बंद झाला नाही. ती बारीक शिट्टी असते ना, रात्रंदिवस, ती आतही चालूच होती. लूमवर घर आहे म्हटल्यावर ती राहणारच.

२१ नोव्हेंबर

आता स्पष्टच लिहितो. मला ती आवडते. आणि मला वाटतं की तिलाही.

पुरावा आहे. शैलेश सरांशी ती लॅपटॉपकडे बघतच बोलते. झरेवाल्या प्राध्यापकाशी तर पाठमोरी. माझ्याशी बोलायचं असलं की आधी समोर येते. माझी नजर तिच्याकडे वळेपर्यंत थांबते. मग बोलते, एकेक शब्द सुटा, जसा धुवून वाळत घातलाय. उजेडाच्या बाजूला उभी राहते. मला अजून कुणी असं बोललेलं नाही. आईसुद्धा पोळ्या लाटता लाटता बोलते.

म्हाताऱ्या कामगारांशीही ती अशीच गोड असते, ते ठीक. तो तिचा स्वभाव. पण मी काय म्हातारा आहे?

२५ नोव्हेंबर

शैलेश सरांनी आज बसवून विचारलं, "बी.एस्सी. का सोडलंस?"

काय सांगू? दुसऱ्या वर्षी एक लेक्चरर होता. हजेरी घेताना माझं नाव मुद्दाम हळू घ्यायचा. मी शेवटच्या बाकावर. बाकीच्यांना बरोबर हाक जायची, माझी नाही. वर्गात असून गैरहजर. एक दिवस मला उभं केलं, काहीतरी बोलला, सगळा वर्ग हसला. मी बाक उलटा केला आणि निघालो, तो आजतागायत. सरांना म्हटलं, "घरची परिस्थिती."

सर म्हणाले, जानेवारीपासून केंद्र एक वर्षाची पदविका सुरू करतंय, श्रवण चाचणी सहायक. आधीच्या शिक्षणाचे गुणही धरले जातील. मग सिव्हिलमध्ये, कारखान्यांच्या तपासण्यांत काम मिळतं. शिकवणार स्नेहल. "तुझ्यासारखा पोरगा पाहिजे. शिवाय मुलं भरली नाहीत तर विद्यापीठ कोर्सच गुंडाळेल. एकतीस डिसेंबर शेवटची तारीख."

मी घरी येईपर्यंत हवेत होतो. गेटबाहेर आल्यावर एका रिक्षानं मला जवळजवळ उडवलंच, तरी मी भांडलो नाही. म्हणजे बघ.

आईला सांगितलं. तिनं तसबिरीपुढे मेणबत्ती लावून पंचशील म्हटलं. मग पोळ्या लाटायला बसली आणि काहीतरी बोलत राहिली. पप्पांनी माझ्याकडे बघून हातानं विचारलं, काय झालं? मी तोंड फिरवलं.

रात्री वाटलं, अडकलो. पुन्हा वर्ग, पुन्हा बाक, पुन्हा हजेरी. पण हजेरी तीच घेणार. समोर उभी राहून.

२ डिसेंबर

प्रवेशाला एक अट आहे. सहायकाचे स्वतःचे कान ठीक पाहिजेत. उद्या माझी चाचणी. ही काय अट झाली? बावीस वर्षांच्या पोराचे कान!

हां, दहावीपासून कॉलेज सुटेपर्यंत खाली शिफ्ट केलीय मी. पण पप्पांसारखी नाही. पप्पांची गोष्ट वेगळी.

३ डिसेंबर

झाली. एकदम पास!

तिजोरीत बसलो, हेडफोन, बटण. काचेपलीकडे ती. तिचे हात टेबलाखाली असतात, दिसत नाहीत, पण मला तिचं सगळं पाठ आहे. आवाज सोडायच्या आधी तिची मान किंचित डावीकडे जाते. ओढणीची घडी खांद्यावर एवढीशी हलते. खालचा ओठ आत जातो. हे जगात फक्त मला माहीत असेल. आवाज इतके बारीक असतात की ते कानात पोचायच्या आधीच मी बटण दाबत होतो. ही लबाडी नाही. लूमवर धागा तुटायच्या आधीच कारागिराला कळतं, ते काय लबाडी असते? आपलं लक्ष असतं, एवढंच.

बाहेर आलो तर ती आलेख बघत बसली होती. म्हणाली, "तुझे कान माझ्यापेक्षा चांगले निघाले, नागसेन."

म्हटलं, "मग?"

ती हसली नाही. पुन्हा आलेखाकडे बघितलं.

६ डिसेंबर

गल्लीतल्या टेम्पोनं सगळे चैत्यभूमीला. रांगेत आईचा हात सुटला. मी पुढे चालत राहिलो, मला वाटलं ती मागेच आहे. नंतर सापडली तेव्हा रडत होती. "किती हाका मारल्या रे. घसा फाटला. लोक वळून बघायला लागले, तू नाही."

"एवढ्या गर्दीत हाक ऐकू येते का कुणाला?"

"लोकांना आली ना," आई म्हणाली.

परत येताना टेम्पोत कुणी माझ्याशी बोललं नाही. बोलले असतील तर हळू.

११ डिसेंबर

स्नेहल म्हणते चाचणी परत करायची.

"का? पास झालोय ना?"

"खुर्चीची जागा चुकीची होती. चूक माझी आहे. कोर्सच्या मुलांना नियमानं घ्यायला हवी."

"म्हणजे माझ्यावर विश्वास नाही."

तिनं नेहमीसारखी माझी नजर येईपर्यंत वाट बघितली. "विश्वासाची परीक्षा नाहीये ही. कानाची आहे."

सरांनी मध्ये पडून काहीतरी पाठमोरं सांगितलं. ती त्यांना काहीतरी म्हणाली. माझ्याविषयी पाठीमागे बोललेलं मला चालत नाही. पण तिच्याशी भांडायचं नाही असं मी ठरवलंय. तळहातावर नखं रोवून उभा राहिलो.

१२ डिसेंबर

लिहायला हात उचलत नाही. पण लिहितो.

तिनं खुर्ची फिरवून ठेवली होती. तोंड भिंतीकडे. मी बसलो. दार लागलं. समोर नुसता काळा फोम, त्याला खड्डे खड्डे. ती पाठीमागे. मान नाही, ओढणी नाही, ओठ नाही. फक्त ती शिट्टी, माझ्या डोक्यातली.

मी थांबलो. वाटलं, कागदपत्रं भरत असेल. फोमच्या खड्ड्यांकडे बघत बसलो. बटण घामानं निसटत होतं. मग एक जाडसा आवाज आला, मी पटकन दाबलं. परत काही नाही. वाटलं मशीन बिघडलं. वाटलं, चहाला गेली. वळून बघावं तर नियम मोडेल. बंद डब्यात कुणीतरी आपल्याला विसरून जावं तसं वाटत होतं. शेवटी राहवेना. हेडफोन काढणार तेवढ्यात मानेला वारा लागला. दार उघडलं होतं. ती दारात उभी होती.

मी विचारलं, "सुरू कधी करणार?"

ती म्हणाली, "जरा बस. एक भाग राहिलाय." आणि बाहेर गेली.

मी बसलो नाही. काचेतून बघितलं. बाहेर सर आले होते. दार बंद होतं, पण कारखान्यात वाढलेल्या पोराला काच आडवी येत नाही, आम्ही ओठांवरून बोलणं उचलतो. सर म्हणत होते, "पहिला रिपोर्टच पाठवून दे ना. पोरगं कामाचं आहे. एक सीट भरेल." स्नेहल म्हणाली, "नाही सर. आतून पेशंट घाबरून हाक मारेल आणि ह्याला कळणार नाही. मी नाही सही करणार."

मी दार ढकलून बाहेर आलो. "मला बुडवायला निघालीस?"

सर दचकले. "तुला ऐकू आलं?"

"दिसलं!"

मग मी काय काय बोललो ते आता लिहवत नाही. बाटल्यांच्या कपाटाला लाथ मारली. अकलोलीचं पाणी फरशीभर झालं. सर "अरे, सॅम्पल, सॅम्पल!" करत खाली बसले. मी स्नेहलला म्हटलं, "मी बहिरा? मग तू माझ्याकडे बघून बोलायचीस, समोर येऊन, एकेक शब्द, ते काय होतं?"

ती म्हणाली, "तुला कळावं म्हणून."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. गल्लीत मी तुला मागून तीनदा हाक मारली होती, नागसेन."

मी निघून आलो.

१५ डिसेंबर

बाहेर पडलो नाही. आई ताट ठेवून जाते.

उलट सुलट सगळं आठवतंय. फोर्कलिफ्टवाला. रिक्षावाला. तो लेक्चरर. तो हळू हाक मारत नव्हता तर. वर्ग हसला ते कशाला हसला? कदाचित मी भलतंच उत्तर दिलं असेल. बाक उलटा केला मी. कुणाच्या पायावर पडला होता का, तेही बघितलं नाही.

आणि ती. काय काय लिहून ठेवलंय मी मागच्या पानांवर. फाडणार होतो. नाही फाडली.

१६ डिसेंबर

खिडकीतून खाली बघितलं तर ती गल्लीत होती, इद्रिसचाचांना घेऊन. त्यांच्या समोर आली. नजर येईपर्यंत थांबली. मग एकेक शब्द. चाचांनी मान डोलावली. तशीच. अगदी तशीच. उजेडाच्या बाजूला उभी राहून.

पडदा ओढला.

मागून पाठीवर कांडी बसली. माझं डोकं फिरलं. तीच कांडी उचलून मी पप्पांच्या अंगावर भिरकावली. छातीवर लागली त्यांना. आई ओरडली असेल, तिचं तोंड उघडलेलं दिसलं. पप्पा चिडले नाहीत. वाकून कांडी उचलली, बाजूला ठेवली. मग स्वतःच्या कानाला बोट लावलं, माझ्याकडे केलं, आणि पंजा उलटा केला. कारखान्यातली खूण. म्हणजे, कळलं का?

मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना हातानं उत्तर दिलं. म्हटलं, तुम्हाला कधी कळलं?

पप्पा त्यांच्या त्या जड, मोठ्या आवाजात बोलले. "मी हाक मारायची कधी सोडली, ते आठव."

दहावीच्या पुढच्या वर्षी. मी तेव्हा समजलो होतो की त्यांचं माझ्यावरचं मन उडालं.

"सांगितलं का नाही?"

पप्पांनी खाली, जिथून लूमचा हादरा येतो त्या फरशीकडे बोट केलं. "शिफ्टवर मीच पाठवला ना तुला," म्हणाले. मग टीव्ही लावला. आवाज नेहमीएवढाच. आईनं दोन्ही कानांवर हात ठेवले. ते मला आज दिसलं.

२० डिसेंबर

गोडाऊनला परत विचारायला निघालो होतो. सुपरवायझरच्या पाया पडावं लागलं तरी चालेल, डोकं तर आता खरंच थंड पडलंय. पण तिथेही फोर्कलिफ्ट आहेत. आता माहीत झाल्यावर त्या गल्ल्यांत कसा उभा राहू? न कळता भांडत होतो तेच बरं होतं. खोटा रिपोर्ट असता तर पदविका मिळाली असती आणि तिजोरीबाहेर बसून मी एखाद्या म्हाताऱ्याच्या हाकेला ओ दिली नसती. खऱ्या रिपोर्टनं पदविका जाते. खाली लूम, तिथे कान जातात. जायचं कुठे मग?

धामणकर नाक्यावर शेअर रिक्षात बसणार तेवढ्यात पाठीवर काहीतरी आपटलं. खाली बघितलं तर रिकामी कांडी.

वळलो. रस्त्याच्या पलीकडे स्नेहल. आजूबाजूचे पाच सहा जण माझ्याकडे बघत होते, म्हणजे तिनं आधी हाका मारल्याच असणार. रिक्षावाला हसत म्हणाला, "भाई, मॅडम कबसे चिल्ला रही है, अब मारने पे आ गयी."

ती गाड्यांमधून वाट काढत आली. समोर उभी राहिली.

"कांडी कुणी दिली?"

"तुझ्या पप्पांनी. घरी गेले होते. म्हणाले, हाक मारू नकोस, ही घेऊन जा. चार फेकल्या. तीन चुकल्या. एक पाववाल्याला लागली."

मला हसायचं नव्हतं, तरी आलं. मग विचारायचं ते विचारून टाकलं. एवढा ट्रॅफिक, हॉर्न, पावभाजीच्या तव्याचा खणखणाट, त्यात मी काय आवाजात बोललो देव जाणे. "तुझं माझ्यावर... म्हणजे तसं काही... कधी होतं का?"

तिनं इकडे तिकडे बघितलं नाही. नजर धरली आणि म्हणाली, "नाही."

इतकं स्पष्ट मला आजवर कुणी काही सांगितलेलं नाही. एक अक्षर सुटलं नाही.

रिक्षा भरून निघून गेली. आम्ही तिथेच उभे. ती म्हणाली, "आता कामाचं. विद्यापीठाला विचारलंय, ऐकायचं मशीन कानाला लावणारा मुलगा ह्या कोर्सला चालेल का. सरांनी नाही, मी विचारलंय. सर बाटल्या परत भरायला अकलोलीला गेलेत."

"चालेल म्हणाले?"

"अजून काहीच म्हणाले नाहीत. आधी म्हणतात पूर्ण रिपोर्ट पाठवा. आणि तो आपल्याकडे अर्धाच आहे. तू मध्ये उठलास."

"आणि नाही म्हणाले तर?"

"तर नाही. मग मी दुसरं काहीतरी विचारीन. पण खोटं विचारणार नाही."

मी कांडी खिशात घातली. काही कबूल केलं नाही.

२२ डिसेंबर

पप्पांना म्हटलं, मी चाललोय, तुम्ही येता का? हातानं विचारलं. त्यांनी शर्ट बदलला.

केंद्रात फरशीवर पाण्याचे पांढरे डाग अजून आहेत. सर मला बघून कपाटापुढे जाऊन उभे राहिले. मी म्हटलं, "सॉरी सर." ते काहीतरी म्हणाले. मी म्हटलं, "सर, इकडे तोंड करून बोला. मला ऐकू येत नाही."

ते वाक्य असं पहिल्यांदाच तोंडातून गेलं. सर वळले. "म्हटलं, बाटल्या भरायला पुढच्या वेळी तू चल. कुंडात पाय भाजतात माझे."

आतल्या खोलीत खुर्ची खिडकीकडे तोंड करून होती, सकाळी इद्रिसचाचा बसून गेले होते. स्नेहल ती फिरवायला पुढे आली. मी तिला थांबवलं. मीच फिरवली. भिंतीकडे.

पप्पा बाकावर बसले होते. दार लागता लागता त्यांनी दोन बोटं पिळली आणि मग गाठ मारल्याची खूण केली. धागा तुटला, जोडून घे. कारखान्यात दिवसातून शंभर वेळा करतात ती.

अंधार नव्हता, पण असल्यासारखाच. काळा फोम. डोक्यातली शिट्टी. पाठीमागे ती आहे, तिची मान डावीकडे जात असेल, ओठ आत जात असेल, आणि मला त्यातलं काही दिसणार नाही. अंगठा बटणावर होता. दोनदा वाटलं, अंदाजानं दाबून टाकावं. इतका वेळ झाला म्हणजे एखादा आवाज येऊन गेलाच असेल. नाही दाबलं. न दाबता बसणं इतकं जड असतं हे मला माहीत नव्हतं.

खूप वेळ काहीच नाही. किती आवाज माझ्या अंगावरून निघून गेले असतील.

मग शिट्टीच्या मागून, लांबून, बारीक असं काहीतरी आलं. ते शिट्टीसारखं नव्हतं. बाहेरचं होतं.

मी दाबलं.